साटं, सौदा आणि आपसी बदली

जयपूरच्या राजस्थान रॉयल्सने १५ नोव्हेंबर २०२५ ला आपला कर्णधार संजू सॅमसन चेन्नई सुपर किंग्जला देऊन टाकला आणि चेन्नईकडून रवींद्र जडेजा नि सॅम करन असे दोघे पदरात पाडून घेतले. क्रिकेटच्या दृष्टीने बातमी मोठी होतीच, पण मराठी क्रीडापानांची त्यात वेगळीच पंचाईत झाली. जे झालं त्याला म्हणायचं काय? 'ट्रेड' म्हणावं, तर तो झाला की ती झाली की ते झालं, इथूनच घोळ. 'अदलाबदल' म्हणावं, तर चपलांची आठवण येते. 'देवाणघेवाण' विचारांची होते, फार तर दिवाळीच्या फराळाची. सदतिशीला टेकलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची कशी होणार? 'सौदा' म्हटलं की काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो. शेवटी बहुतेकांनी 'ट्रेड' नागरीत लिहून वेळ मारून नेली.

शब्द परका वाटतो, कारण रिवाज परका आहे. तो आला बेसबॉलकडून. अमेरिकेत हंगाम संपला, मैदानांवर बर्फ पडलं, की संघांचे कारभारी कोणाला देऊन कोणाला घ्यावं या खटपटीला लागतात. चाहतेही शेगडीभोवती बसून याच हिशेबाच्या गप्पा ठोकतात. त्या गप्पांना तिकडे 'तापल्या शेगडीची लीग' असंच नाव पडलंय. या खटपटीचं शास्त्र केलं ते ओकलंड ॲथलेटिक्सच्या बिली बीनने. मायकेल लुईसच्या 'मनीबॉल' या २००३ च्या पुस्तकामुळे ते जगभर गेलं. तत्त्व कुठल्याही मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला ठाऊक असलेलंच: ज्या गुणाला आज बाजारात भाव नाही तो गुण ओळखायचा, स्वस्तात उचलायचा, आणि ज्याचं नाव त्याच्या खेळापेक्षा महाग झालंय त्याला वेळीच मोकळं करायचं.

जयपूरने हे आयपीएलच्या पहिल्याच वर्षी करून दाखवलं होतं. २००८ मध्ये आठ संघांत सगळ्यांत कमी किमतीला, ६ कोटी ७० लाख डॉलरला गेलेला संघ तो हाच. निवृत्त शेन वॉर्न कर्णधारही तोच आणि प्रशिक्षकही तोच. ग्रॅमी स्मिथबरोबर सलामीला गोव्याचा स्वप्निल असनोडकर, ज्याचं नाव तोवर गोव्याबाहेर फारसं कोणी ऐकलं नव्हतं. आणि एकोणीस वर्षांचा जडेजा. नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात या मंडळींनी चेन्नईलाच शेवटच्या चेंडूवर हरवलं. जोहरी बाजाराच्या गावाला पारख असावी यात नवल नाही, असं तेव्हा म्हणायची सोय झाली. पुढच्या सतरा वर्षांत मात्र या संघाला दुसरं विजेतेपद मिळालं नाही, हेही सांगून टाकायला हवं.

तर या व्यवहाराचे आकडे. सॅमसन गेला १८ कोटींच्या मानधनावर. जडेजाचंही मानधन १८ कोटीच होतं, पण जयपूरला येताना ते १४ कोटींवर आलं. करन २ कोटी ४० लाखांचा. म्हणजे एक देऊन दोन घेतले, वर खिशात १ कोटी ६० लाख राहिले. परदेशी खेळाडूंच्या आठ जागा भरलेल्या होत्या, तेव्हा करनला जागा करायला हसरंगा आणि तीक्षणा या दोन्ही श्रीलंकन फिरकीपटूंना सोडावं लागलं. फिरकीची ती पोकळी निम्मी जडेजाने भरली आणि उरलेली डिसेंबरमधल्या लिलावात ७ कोटी २० लाखांना घेतलेल्या रवी बिश्नोईने, जो मुळात जोधपूरचा पोरगा. त्याच दिवशी ४ कोटी २० लाखांचा नितीश राणा दिल्लीला देऊन १ कोटीचा डोनोव्हन फरेरा आणला, तीही बचतच. कागदावर एकेक सोंगटी बरोबर बसलेली दिसते. २०२५ च्या हंगामात राजस्थान नवव्या क्रमांकावर होता आणि चेन्नई दहाव्या. तळातल्या दोघांनी एकमेकांच्या अडचणी वाटून घेतल्या, असंही याकडे बघता येईल.

आता शब्दांकडे वळू. 'अदलाबदल' या जोडशब्दात 'अदला'ला स्वतःचा अर्थ नाही. तो 'बदल'चा नादप्रतिध्वनी, फक्त पुढे उभा राहिलेला. मराठीत प्रतिध्वनी बहुधा मागून येतो, जेवणबिवण, पुस्तकबिस्तक; पण 'आजूबाजू'त आणि 'अदलाबदली'त तो पुढे सरकतो. मूळ शब्द अरबी 'बदल', आणि आपण त्याच्यावर केवढा संसार उभा केला आहे! 'बदल' झाला, 'बदला' घेतला, साहेबांची 'बदली' झाली, कामाचा 'मोबदला' मिळाला. यातला 'मोबदला' म्हणजे अरबी 'मुबादला', अर्थ विनिमय. २०२५ चा लिलाव ज्या अबुधाबीत झाला, तिथल्या सरकारी गुंतवणूक कंपनीचं नावच 'मुबादला' आहे. आपल्याकडे भूसंपादन झालं की शेतकरी तहसील कचेरीत ज्याच्यासाठी खेपा घालतो तोच हा शब्द. एका ठिकाणी त्याच्या नावाने मनोरे उभे आहेत, दुसऱ्या ठिकाणी तो अजून मंजूर व्हायचा आहे.

मुंबईच्या शेअर बाजारात 'बदला' नावाची रीत होती. आजचा व्यवहार आज न मिटवता, व्याज भरून पुढच्या तारखेवर ढकलायचा. २००१ मध्ये ती बंद झाली. आणि गिरणगावात 'बदली' हे कामगाराचंच नाव होतं. कायम माणूस रजेवर गेला तर त्याच्या जागी लावायचा तो बदली. सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. क्रिकेटमधला 'बदली खेळाडू' हा शब्द वाचताना गिरणीच्या भोंग्याची आठवण येणारी माणसं आता कमी उरली, पण शब्द तिथूनच मैदानावर आलेला वाटतो. एकाच धातूतून सूड, पगार, रजेवरच्या माणसाची जागा आणि सरकारी हुकूम निघावा, हे या भाषेचं कौतुकच.

दुसरा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि त्याच्यात बाजार दडलाय हे लक्षातही येत नाही. तो म्हणजे 'ऐवजी'. अरबी 'इवज' म्हणजे एका वस्तूच्या बदल्यात आलेली दुसरी. त्यातून 'ऐवज' म्हणजे मौल्यवान चीजवस्तू, जी मराठी वर्तमानपत्रांत नेहमी चोरीलाच जाते. चोर दागिने नेतात, पण बातमीत लंपास होतो तो ऐवज. आणि त्यातूनच 'ऐवजी'. 'संजूऐवजी जडेजा' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या एका प्रत्ययासारख्या शब्दात अख्खा व्यवहार मांडलेला असतो.

पण माझ्या मते या विषयाचा खरा मानकरी 'साटं' आहे. प्राकृतात 'सट्ट' म्हणजे विनिमय. त्याचं मराठीत 'साटें' झालं. मोल्सवर्थच्या कोशात 'साटेंलोटें' आहे: एका घरी मुलगी द्यायची आणि त्याच घरची मुलगी करून घ्यायची. दोन्ही बाजूंना हुंडा वाचतो, आणि एकीकडे भांडण झालं की दुसरीकडे सूडही उगवता येतो. राजस्थानातल्या गावांत हीच चाल 'आटा-साटा' म्हणून ओळखली जाते, पंजाब-सिंधकडे 'वट्टा-सट्टा'. शब्द तोच, नातं तेच. आता 'साटंलोटं' म्हटलं की आपल्याला पुढारी आणि कंत्राटदार आठवतात. अर्थ घसरला, पण मूळ हिशेब एकास एक देण्याघेण्याचाच. आयपीएलमध्ये असं नगाला नग साटं २००९ मध्येच झालं होतं. बंगळुरूने श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला दिला आणि मुंबईने रॉबिन उथप्पा बंगळुरूला.

आणि आता खरी गंमत. जुन्या मराठीत 'साटीं' म्हणजे 'बदल्यात'. अमक्याच्या साटीं तमकं द्यायचं. हळूहळू त्यातला मोबदल्याचा भाव विरला, ट चा ठ झाला आणि उरलं ते आपलं 'साठी'. आई मुलासाठी रांधते, देशासाठी माणूस मरतो. निरपेक्षपणा सांगायला आपण जो शब्द काढतो तो मुळात रोकडा व्यवहार करणारा निघावा! 'संजू राजस्थानसाठी खेळला' या वाक्याचा जुना अर्थ लावायचा तर 'राजस्थानच्या बदल्यात खेळला' असा होईल. अर्थात असा अर्थ लावू नये. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा जन्मदाखला. त्यावरून त्याच्या आजच्या चारित्र्याचा निकाल देणं बरोबर नाही. पण जन्मदाखला वाचायला कोण सोडतो?

याच 'सट्ट'चा दुसरा मुलगा वाया गेला. 'सट्टा' मुळात करार, अदलाबदलीचा ठराव. पुढे तो भविष्यातल्या भावावर लावलेल्या पैजेचं नाव झाला, आणि मारवाडी पेढ्यांच्या मागोमाग मुंबईत येऊन रुळला. पश्चिम राजस्थानातल्या फलोदीचा सट्टा बाजार आजही प्रत्येक निवडणुकीत बातम्यांत येतो. पाऊस पडेल की नाही यावरही तिथे पैजा लागत आल्या आहेत. २०१३ च्या स्पॉट फिक्सिंग नि सट्टेबाजीच्या प्रकरणानंतर लोढा समितीने २०१५ मध्ये दोन संघांना दोन वर्षांसाठी बाहेर बसवलं. ते दोन संघ कोणते? राजस्थान आणि चेन्नई. म्हणजे 'सट्टा'पायी जे दोघे एकत्र घरी बसले, त्यांनीच दहा वर्षांनी आपसात 'साटं' केलं. भाषेला योगायोग कळत नाहीत, ते आपल्याला कळतात.

'सौदा' हा शब्द मात्र सरळ नाही. फारसीत 'सौदा' म्हणजे खरेदीविक्री, त्यावरून सौदागर. अरबीत तसाच दिसणारा दुसरा 'सौदा' आहे, 'काळा' या अर्थाचा. युनानी वैद्यकातलं काळं पित्त ते हेच. ते वाढलं की माणूस खिन्न होतो, भ्रमिष्ट होतो. म्हणून उर्दूत सौदा म्हणजे वेडही. अठराव्या शतकातला मोठा शायर मिर्झा रफी यानं 'सौदा' हेच टोपणनाव घेतलं. वडील व्यापारी होते म्हणतात, तेव्हा दोन्ही अर्थ त्याला लागू पडले. आयपीएलच्या लिलावात एखाद्या खेळाडूवर दोन संघ चढाओढीने बोली लावत सुटतात तेव्हा तिथला सौदा कुठला, फारसी की अरबी, हे मला नेहमीच नीट सांगता येत नाही.

मराठीत मात्र 'सौदा' बदनाम झाला तो अलीकडे, नि मुख्यतः राजकारणाच्या बातम्यांत. बाजार समितीत तो अजून सभ्य आहे. सांगलीत हळदीचे सौदे निघतात, कोल्हापुरात गुळाचे; पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात आणि पेढे वाटले जातात. सौद्याला गुपिताचा वास लागला असेल तर तो बहुधा रुमालामुळे. जनावरांच्या बाजारात हे पाहायला मिळायचं: दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे, हातांवर उपरणं, तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा आणि उपरण्याखाली बोटांची दाबादाबी. बघणाऱ्यांना बैल दिसतो, शिंगं दिसतात, दात मोजलेले दिसतात; भाव तेवढा दिसत नाही. दख्खनमधल्या हिऱ्यांच्या खाणीवर हीच पद्धत सतराव्या शतकात झाँ-बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने पाहिली आणि बारकाईने लिहून ठेवली. शेल्याखाली अख्खा हात धरला तर हजार. जितके वेळा दाबला तितके हजार. पाचही बोटं धरली तर पाचशे, एक बोट धरलं तर शंभर. मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट धरलं तर पन्नास, नुसतं टोकाचं पेर म्हणजे दहा. खोलीत माणसं असायची, पण बोलायचं कोणी नाही. एकाच खोलीत एकच माल अनेकदा विकला जायचा आणि शेजारच्याला पत्ता लागायचा नाही.

आयपीएलमध्ये दोन्ही रिती शेजारीशेजारी नांदतात. लिलाव उघड, सगळ्या देशाला दिसेल असा, दिव्यांच्या झगमगाटात. आणि ट्रेड उपरण्याखाली. फोनाफोनी चालते, वाटाघाटी चालतात, आकडे फुटतात, नाकारले जातात, आणि एक दिवस सकाळी पत्रक निघतं.

या उपरण्याखाली हात कोणी घालायचा, याचेही नियम आहेत. २०१० मध्ये हाच जडेजा राजस्थानकडे असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या ठपक्यावरून वर्षभर आयपीएलबाहेर बसला होता. पंधरा वर्षांनी त्याच राजस्थानने त्याच जडेजाचा व्यवहार दुसऱ्या संघाशी केला, तेव्हा त्याला हुशारी म्हटलं गेलं. माल तोच, गिऱ्हाईक तसंच. माणूस स्वतःचा सौदा करू लागला की गैरवर्तन, मालकाने केला की धोरण. मधल्या काळात नियम बदलले, तेव्हा जडेजाचं वय विशीचं होतं, वगैरे सगळं खरं. तरीही हे वाक्य मला खोडावंसं वाटत नाही.

'लिलाव' शब्दात ही मालकी आणखी उघडी आहे. मराठी वर्तमानपत्र बिनदिक्कत लिहितं, 'अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला गेला'. आणि ज्याला कोणी घेतलं नाही तो 'अनसोल्ड', जणू संध्याकाळी पाटीत उरलेली मेथीची जुडी. शब्द पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला. मराठीने त्याचा ल राखला, हिंदीने त्याचा न करून 'नीलाम' केलं. बार्देशातल्या आसगावचे मोन्सिन्योर दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ काढला; अशा शब्दांचा माग काढणाऱ्याला तो अजूनही उघडावा लागतो. तमिळमध्ये हा शब्द 'एलम' झाला, मल्याळममध्ये 'लेलम', मलायी भाषेत 'लेलांग'. म्हणजे चेन्नईचा एलम, संजूच्या तिरुवनंतपुरमचा लेलम, जयपूरचा नीलाम आणि आपला लिलाव ही एकाच आईची चार लेकरं. ज्या गोव्यातून तो आपल्याकडे आला, तिथल्या पंचायतींच्या जाहिरातींत मात्र अजून 'पावणी' भेटते.

पोर्तुगीजांनी तो शब्द घेतला होता अरबीतून, 'अल-इलाम' म्हणजे जाहीर करणं. २०२४ चा आयपीएल लिलाव सौदी अरबस्तानात जेद्दाला झाला, पुढचा अबुधाबीला. शब्द पाचेकशे वर्षं समुद्रात फिरून माहेरी गेला म्हणायचा. तिथे त्याला कोणी ओळखलं असेल असं वाटत नाही, कारण तिकडे लिलावाला 'हराज' म्हणतात. आणि विदर्भ-मराठवाड्यातला वाचक इथे हसेल, कारण त्याच्याकडे रेतीघाटाचा, तेंदूपत्त्याचा 'हर्रास'च होतो. त्याच जेद्दाच्या हर्रासात जयपूरवाल्यांनी १ कोटी १० लाखांना तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी उचलला, आणि लोक हसले. २८ एप्रिल २०२५ ला सवाई मानसिंह स्टेडियमवर त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं तेव्हा हसणं थांबलं. समोरच्या गुजरात संघात जोस बटलर होता, ज्याला राजस्थानने त्याच लिलावाआधी सोडून दिलं होतं. त्याने आधी नाबाद अर्धशतक काढलं होतं. एकाच संध्याकाळी एकाच मैदानावर त्या वर्षीची कमाई आणि घाटा, दोन्ही खेळून गेले.

त्या मैदानाच्या नावातल्या 'सवाई'वर थोडं थांबतो. सपाद म्हणजे पावासह एक, त्याचं सवा, त्याचं सव्वा. जयपूर वसवणाऱ्या जयसिंहाला 'सवाई' ही पदवी कशी मिळाली याची कथा औरंगजेबाशी जोडतात. पोर पूर्वजांहून सव्वापट आहे, असं काहीसं बादशहा म्हणाला. हा जयसिंह ऐन पोरवयात, १७०२ मध्ये, आपल्या विशाळगडाच्या वेढ्यात मोगलांकडून लढत होता, हे जयपूरला फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाला गाईड सहसा सांगत नाही. जयपूरच्या राजवाड्यावर आजही एक पूर्ण आणि त्याच्या वर पाव, असे सव्वा झेंडे फडकतात. आपल्याकडे सवाई माधवराव झाले, कुंदगोळचे रामभाऊ सवाई गंधर्व झाले. आणि शेतकऱ्याच्या बोलीत 'सवाई' म्हणजे व्याज: पेरणीला पायली घेतली तर सुगीला सव्वा पायली परत. दीडपट परत करायची असेल तर 'दिढी'. संघबांधणीवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून शेवटी हाती लागतं ते एवढंच: साटं करावं तर सवाईनं करावं.

पण सवाई कोणाला पडली हे कळायला सुगी यावी लागते. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानने संगमनेरजवळच्या आश्वी खुर्दचा, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे दिल्लीला दिला. आला राहुल तेवतिया, सोबत मयंक मार्कंडे. सात हंगाम खेळलेला माजी कर्णधार देऊन हे काय घेतलं, असं तेव्हा वाटलं. पुढच्या सप्टेंबरात शारजात २२४ धावांचा पाठलाग करताना तेवतिया आधी चाचपडत राहिला आणि मग त्याने शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारले. साटं फळलं! पण त्या हंगामात राजस्थान आठ संघांत आठवा आला. दोन वर्षांनी तेवतिया गुजरातकडे होता, आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात गुजरातने हरवलं ते राजस्थानलाच. आता यात सवाई कोणाची, हे ज्याचं त्याने मांडून बघावं.

बेसबॉलमध्ये या साट्यांच्या इतिहासाला एक कडवट पान आहे. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याला कोणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. बारा वर्षं खेळल्यावर आपण विकायची-घ्यायची मालमत्ता नाही, असं त्याने आयुक्तांना पत्राने कळवलं आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पण तीन वर्षांत खेळाडूला जन्मभर एका मालकाला बांधणारं ते कलम कोसळलं. तिकडे विनोदी पानही आहे. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने क्लीव्हलँडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर घेतला, बदल्यात खेळाडू कोण द्यायचा ते मागाहून ठरवू या बोलीवर. दीड महिन्याने मागाहून ठरलं, आणि क्लीव्हलँडला परत गेला तो चिटीच. माणसाचं स्वतःशीच साटं लागल्याचं हे उदाहरण मोल्सवर्थला मिळालं असतं तर त्याने नक्की टिपून ठेवलं असतं.

आयपीएलमध्ये साट्याला खेळाडूची संमती लागते. ही अट शब्दाच्या शोधात महत्त्वाची, कारण 'लिलाव', 'विक्री', 'सौदा', सगळ्यांतून ती गळून जाते. मराठीत संमतीसकट हा अर्थ सांगणारा शब्द आहे, रोजच्या वापरात आहे, फक्त क्रीडापानावर नाही. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. सरकारने उचलून टाकलं तर ती प्रशासकीय बदली. आपण अर्ज केला तर विनंती बदली. आणि गडचिरोलीतल्या गुरुजींना साताऱ्याला यायचंय, साताऱ्यातल्या बाईंना गडचिरोलीला जायचंय, दोघांनी मिळून अर्ज केला, तर ती आपसी बदली. जोडीदार शोधण्यासाठी शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट असतात, 'मी अमुक जिल्हा, हवा तमुक जिल्हा' असे निरोप फिरत असतात. सॅमसनला राजस्थान सोडायचं होतं, असं त्या वर्षी महिनोन्‌महिने छापून येत होतं. ते खरं धरलं तर त्याची विनंती बदली झाली, आणि ती पुरी करायला जडेजाची आपसी. 'सॅमसन-जडेजा आपसी बदली, करनही जयपूरला रुजू' असा मथळा दिला तर शाळेच्या स्टाफरूममध्ये तरी कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एक फायदा आणखी. या कुळात रोखीच्या व्यवहारालाही जागा आहे, कारण बदलीत पैसे कुठे जातात हे महाराष्ट्रात कोणी विचारत नाही. पालघरच्या शार्दुल ठाकूरचं बघा. २०१७ मध्ये पंजाबहून पुण्याच्या संघात, २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीहून कोलकात्याला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात लखनौहून मुंबई इंडियन्सकडे २ कोटींना; त्याच वेळी अर्जुन तेंडुलकर ३० लाखांवर मुंबईहून लखनौला गेला. तांत्रिकदृष्ट्या हे दोन वेगळे व्यवहार, साटं नव्हे. तीन बदल्या झाल्यावर शार्दुल घरी आला. किट घेऊन पालघरहून लोकलने सरावाला येणारा पोरगा शेवटी वानखेडेवर हजर झाला, याला गुरुजींच्या भाषेत फार नेमका शब्द आहे: स्वजिल्हा मिळाला.